पाटी तुमची, पण जमीन कुणाची?

पत्राचा सारांश: न्यू जर्सीतल्या एका टाउनहाउस वसाहतीत राहणाऱ्या या वाचक दर रविवारी भरणाऱ्या मराठी शाळेच्या स्वयंसेवक आहेत. शाळेला स्वतःची इमारत नाही, गावातल्या एका शाळेचे वर्ग भाड्याने घेतलेले आहेत. नोंदणीच्या दिवसांत त्यांनी घरासमोरच्या हिरवळीवर देवनागरीत शाळेची पाटी लावली, आणि रस्त्यांच्या कोपऱ्यांवर शाळेकडे जाणारे बाण दाखवणाऱ्या लहान पाट्या रोवल्या. त्याच आठवड्यात, स्कूल बोर्डाच्या निवडणुकीला उभ्या राहिलेल्या ओळखीच्या बाईंची पाटीही घरासमोर लागली. चार दिवसांत कोपऱ्यांवरचे बाण टाउनशिपच्या (गावच्या स्थानिक पालिकेच्या) ट्रकने उचलून नेले. पाठोपाठ एचओएचं, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या असोसिएशनचं, पत्र आलं: दोन्ही पाट्या दहा दिवसांत काढा, नाहीतर दंड. शेजारच्या घरासमोर ‘फॉर सेल’ची पाटी मात्र तशीच उभी आहे. मैत्रिणी म्हणतात, अक्षरं इंग्रजी असती तर कुणी बोललं नसतं. नवरा म्हणतो, आपण ग्रीन कार्डवर आहोत, पुढच्या वर्षी नागरिकत्वाचा अर्ज करायचाय, सगळं आजच उपटून टाक. त्या विचारतात, ‘माझ्याच अंगणात मला दोन पाट्या लावता येत नसतील तर हे घर माझं कसं?’

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रातला राग मला पटतो. घराचं कर्ज आपण फेडतो, मालमत्ता कर आपण भरतो, आणि एके दिवशी कुणीतरी कळवतं की दोन पाट्या जास्त झाल्या. ते झोंबणारच. पण पत्र दुसऱ्यांदा वाचल्यावर जाणवलं, की बाण उचलणारा ट्रक, एचओएचं पत्र आणि ‘फॉर सेल’ची न हललेली पाटी या तिन्ही गोष्टी तुम्ही एकाच माणसाने केल्यासारख्या मांडल्या आहेत. त्या तीन वेगळ्या जमिनींवर घडल्या आहेत, आणि प्रत्येक जमिनीचा मालक वेगळा आहे. पाटीवर काय लिहिलंय हा प्रश्न नंतरचा. तिची तार कुणाच्या मातीत खुपसली आहे, हे आधी बघू.

कोपऱ्यांवरच्या बाणांपासून सुरुवात करते, कारण तिथे तुमची बाजू सगळ्यात लंगडी आहे. फुटपाथ आणि रस्त्याची कड यांच्यामधली गवताची पट्टी आपल्याला घरमालकाची वाटते, कारण तिथलं गवत बहुतेक वेळा घरमालकच कापतो. तरी ती बहुधा सार्वजनिक रस्त्याच्या हद्दीतच असते. शिवाय वळणावर ‘साइट ट्रँगल’ नावाचा मोकळा ठेवायचा तुकडा असतो, म्हणजे वळणाऱ्या गाडीच्या चालकाला सायकलवरचं मूल वेळेत दिसावं. गुडघाभर उंचीची पाटीसुद्धा तिथे आड येते. लॉस एंजेलिसने विजेच्या खांबांवर आणि इतर सार्वजनिक वस्तूंवर पाट्या लावायला पूर्ण बंदी घातली होती. ती बंदी १९८४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने योग्य ठरवली, आणि त्या खटल्यातल्या पाट्या तर निवडणुकीच्या प्रचाराच्या होत्या. तेव्हा यावर भांडण काढू नका. टाउनशिपच्या पब्लिक वर्क्स विभागाला फोन करा, पाट्या ठेवल्या आहेत का विचारा, असतील तर घेऊन या.

त्याच फोनवर आणखी एक विचारा: त्या दिवशी कोपऱ्यांवरून अजून काय काय उचललं? ‘रोख पैशांत घर विकत घेतो’, ‘छप्पर दुरुस्त करून मिळेल’ अशा पाट्या तुमच्या भागात असतातच. त्या तुमच्या बाणांबरोबर गेल्या असतील, तर देवनागरीचा संशय त्या ट्रकपुरता तरी सोडून द्या. त्या जागच्या जागी असतील आणि फक्त तुमच्या गेल्या असतील, तर तारखेसह फोटो काढून ठेवा, कारण मग प्रश्न खरोखर वेगळा आहे. मैत्रिणींचा अंदाज चूकच आहे असं मी म्हणत नाही. तो तपासून बघता येतो, आणि अजून कुणी तपासलेला नाही, एवढंच सांगते.

तुमच्या मराठी शाळेसारखीच एक गोष्ट ॲरिझोनात घडली होती. गिल्बर्ट नावाच्या गावात एक लहानसं चर्च होतं. स्वतःची इमारत नाही, कधी एखाद्या प्राथमिक शाळेत, कधी आणखी कुठे प्रार्थना भरायची. लोकांना जागा कळावी म्हणून ते शनिवारी पंधरा-वीस पाट्या लावायचे आणि रविवारी दुपारी काढायचे. गावाच्या नियमांत पाट्यांच्या जाती होत्या. विचार मांडणारी पाटी २० चौरस फुटांपर्यंत आणि कितीही दिवस चालायची. निवडणुकीची पाटी निवासी भागात १६ चौरस फुटांपर्यंत. आणि कार्यक्रमाची वाट दाखवणारी पाटी जेमतेम ६ चौरस फूट, तीही कार्यक्रमाआधी १२ तास आणि नंतर एक तास. चर्चला वेळ मोडल्याबद्दल नोटिसा आल्या, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि २०१५ मध्ये सगळ्या न्यायमूर्तींनी गावाच्या विरोधात निकाल दिला. पाटी कुठे लावायची, किती मोठी, किती संख्येने, किती दिवस, हे गावाने जरूर ठरवावं. पण मजकूर वाचून एकाला मोठी पाटी आणि दुसऱ्याला लहान, असं करायचं असेल तर त्यासाठी फार भक्कम कारण लागतं, आणि गिल्बर्टकडे ते नव्हतं. त्यानंतर अनेक गावांनी आपले नियम नव्याने लिहिले आणि ‘तात्पुरती पाटी’ असा एकच सरसकट वर्ग ठेवला.

तुमच्या टाउनशिपचा नियम शोधणं अवघड नाही. बहुतेक टाउनशिपचे अध्यादेश ऑनलाइन असतात. तिथे ‘टेंपररी साइन्स’ हे कलम उघडा आणि निवासी झोनसाठीचे आकडे बघा: एका घराला किती पाट्या, किती चौरस फूट, रस्त्यापासून किती आत, किती दिवस. आपण छापून घेतो ती नेहमीची १८ बाय २४ इंची प्लास्टिकची पाटी तीन चौरस फुटांची होते. बहुतेकदा अडचण आकाराची नसते, जागेची आणि दिवसांची असते. पुढच्या रविवारी बाण लावायचे असतील तर कोपऱ्याच्या घरातल्या माणसाला विचारून त्याच्या हिरवळीवर, फुटपाथच्या आत लावा, आणि शाळा सुटल्यावर दुपारी काढून आणा. ज्या शाळेचे वर्ग भाड्याने घेता, तिच्या आवारात लावायला त्या शाळेची परवानगी घ्या. एवढ्याने शाळेपुरता हा विषय मिटेल असं मला वाटतं.

आता एचओए. इथे तुमच्या पत्रातलं ‘माझ्याच अंगणात’ हे गृहीतक जरा तपासायला हवं. टाउनहाउसांच्या अनेक वसाहतींत घरासमोरची हिरवळ घरमालकाची नसते, सगळ्यांची सामायिक असते. म्हणून तर तिची निगा असोसिएशन राखते. घर घेताना मिळालेल्या जाडजूड कागदांतलं मास्टर डीड, म्हणजे वसाहतीचा मूळ दस्तऐवज, काढा आणि तुमची हद्द कुठे संपते ते वाचा. भिंतीपाशी संपत असेल, तर दोन्ही पाट्या दुसऱ्यांच्याही जमिनीत उभ्या आहेत. हे वाचून वाईट वाटेल, पण माहीत असलेलं बरं.

दुसरी गोष्ट. घटनेतला भाषणस्वातंत्र्याचा हक्क सरकारला बांधतो. एचओए ही खासगी संस्था आहे, तिच्या नियमांवर आपण घर घेताना सही केलेली असते. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी गोष्ट इथेच संपते. न्यू जर्सीत मात्र संपत नाही, कारण या राज्याची स्वतःची घटना इथल्या न्यायालयांनी जास्त व्यापक अर्थाने वाचली आहे. या विषयावरचे राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल तुम्हाला माहीत असायला हवेत.

पहिला २००७ चा, ट्विन रिव्हर्स या मोठ्या वसाहतीचा. तिथला नियम असा, की खिडकीत एक पाटी आणि बाहेर एक, तीही घराला लागून असलेल्या फुलझाडांच्या वाफ्यात, घरापासून तीन फुटांच्या आत. रहिवासी कोर्टात गेले आणि हरले. बोलायला वाजवी जागा ठेवलेली आहे, असं कोर्टाने म्हटलं. दुसरा २०१२ चा, पार्सिपनीतल्या मॅझडाब्रूक कॉमन्स या टाउनहाउस वसाहतीचा. तिथले एक रहिवासी, वसीम खान, २००५ मध्ये टाउन कौन्सिलच्या निवडणुकीला उभे होते. त्यांनी आपल्याच प्रचाराच्या दोन पाट्या लावल्या, एक खिडकीत आणि एक दाराच्या आतल्या बाजूला. असोसिएशनने त्या काढायला लावल्या, कारण नियमाप्रमाणे ‘फॉर सेल’शिवाय कोणतीच पाटी चालत नव्हती. कोर्टाने तो नियम घटनेविरुद्ध ठरवला. आकार, संख्या, जागा यांवर असोसिएशन वाजवी बंधनं घालू शकते, पण स्वतःच्या घरातल्या राजकीय मतावर जवळजवळ पूर्ण बंदी घालू शकत नाही.

तुमच्या शेजारच्या ‘फॉर सेल’ला लोक हात लावायला कचरतात, त्यालाही न्यू जर्सीतच इतिहास आहे. विलिंगबरो टाउनशिपने अशा पाट्यांवर बंदी घातली होती. कृष्णवर्णीय कुटुंबं राहायला येऊ लागल्यावर गोरी कुटुंबं घाबरून घरं विकत सुटतील, आणि पाट्या दिसल्या की घबराट आणखी वाढेल, असं तिथल्या कौन्सिलला वाटत होतं. हेतू चांगला होता, तरी १९७७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने बंदी रद्द केली. लोकांनी माहितीचं काय करावं हे ठरवण्यासाठी माहितीच दडवून ठेवता येणार नाही, हा त्यामागचा विचार. म्हणून शेजाऱ्यांची पाटी उभी असणं हा पक्षपाताचा पुरावा धरू नका. तुमच्या वसाहतीचा नियम मात्र नक्की वाचा. ‘फॉर सेल चालेल, बाकी काही नाही’ एवढंच त्यात असेल, तर तो २०१२ च्या निकालापुढे टिकणं कठीण आहे.

तर व्यवहारात काय करावं? माझं मत असं: दहा दिवसांच्या आत दोन्ही पाट्या हिरवळीवरून काढा आणि स्कूल बोर्डाची पाटी रस्त्याकडच्या खिडकीत आतून लावा. ही माघार समजू नका. खिडकी तुमची आहे आणि न्यू जर्सीत तिथे तुमची बाजू भक्कम आहे. दरम्यान असोसिएशनला लेखी, शांत शब्दांत विचारा: कोणत्या नियमाच्या कोणत्या कलमाखाली पत्र पाठवलं, हा नियम सगळ्या घरांना सारखा लावला जातो का, आणि पाटीसाठी ठरवलेली जागा कुठली. न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे घरमालक आणि असोसिएशन यांच्यातले वाद कोर्टाबाहेर सोडवण्याची न्याय्य पद्धत असोसिएशनला ठेवावीच लागते. ती सुरू करा, असं त्याच पत्रात लिहा. त्यांनी टाळाटाळ केली तर राज्याच्या डिपार्टमेंट ऑफ कम्युनिटी अफेअर्सकडे तक्रार करता येते. फोनवर भांडू नका. फोनचा कागद राहत नाही.

मराठी शाळेच्या पाटीबद्दल स्पष्ट सांगते. खान यांचा निकाल राजकीय मताबद्दल होता. शाळेच्या नोंदणीची पाटी त्या छत्रीखाली येतेच असं खात्रीने म्हणता येत नाही, आणि शाळा फी घेत असेल तर तिला जाहिरात म्हणणारं कुणीतरी निघेल. इथे हक्क सांगण्यापेक्षा परवानगी मागणं सोपं आहे. नोंदणीचे दोन आठवडे, एक पाटी, वाफ्यात, अमुक तारखेला काढणार, असं लिहून मागा. बहुतेक बोर्डांवर आपल्यासारखेच नोकरी करून संध्याकाळी बैठकीला येणारे लोक असतात, आणि तारीख घालून केलेल्या विनंतीला नाही म्हणणं त्यांनाही जड जातं.

आणि पाटीवरची देवनागरी काढू नका. ‘मराठी शाळा’ ही अक्षरं ठळक आणि वरच राहू देत, कारण गाडीतून जाणाऱ्या ज्या आईसाठी ती पाटी आहे, तिला ती तिथेच थांबवतील. खाली इंग्रजीत एक ओळ जरूर घाला: मराठी भाषेची शाळा, दर रविवारी. शेजाऱ्याला न कळणारी पाटी त्याच्या मनात विनाकारण शंका निर्माण करते, आणि कळलेली पाटी बोलायला निमित्त देते. बायको किंवा नवरा मराठी असलेली कितीतरी अमराठी माणसं आपल्या मुलांसाठी असे वर्ग शोधत असतात. त्यांनाही ती ओळ लागते.

तुमच्या नवऱ्याची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. परक्या देशात कागद हातात नसताना काढलेली वर्षं माणसाला आवाज खाली ठेवायला शिकवतात, आणि आजच्या वातावरणात तर ती काळजी कुणालाही वाटेल. तरीही भीतीचे तुकडे करून बघूया. एचओएचं पत्र हे एका खासगी संस्थेचं पत्र आहे, पोलिसांची किंवा कोर्टाची कारवाई नव्हे. टाउनशिपने पाटी उचलली, एवढ्याने तुमच्या नावावर गुन्हाही लागत नाही. समजा उद्या म्युनिसिपल कोर्टाचं समन्स आलं, तर मात्र ते बाजूला ठेवू नका. वेळेवर हजर व्हा, कागद जपून ठेवा आणि नागरिकत्वाचा अर्ज भरताना ते वकिलाला दाखवा. या देशात राहणाऱ्या परदेशी माणसालाही भाषणस्वातंत्र्य आहे, हे सुप्रीम कोर्टाने १९४५ मध्येच सांगितलेलं आहे. घरातल्या खिडकीत स्कूल बोर्डाच्या उमेदवाराची पाटी लावल्याने ग्रीन कार्डधारकाचा कोणताही नियम मोडत नाही.

ज्यांच्याकडून नियम मोडला जाऊ शकतो, त्यांनी पुढचा भाग नीट वाचावा. एच-१बी किंवा तशा व्हिसावर असणाऱ्यांना कोणत्याही निवडणुकीसाठी पैसे देता येत नाहीत किंवा खर्च करता येत नाहीत. राष्ट्राध्यक्षपदापासून स्कूल बोर्डापर्यंत सगळ्या निवडणुका त्यात आल्या. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून काम करता येतं. म्हणून पाटी उमेदवाराच्या मोहिमेकडून आलेली असावी, आपल्या खिशातून छापून घेऊ नये. ग्रीन कार्ड असेल तर देणगीही चालते. मतदान मात्र नागरिकत्व मिळेपर्यंत दोघांनाही नाही. दारावर किंवा मोटर व्हेइकलच्या (वाहन परवान्यांच्या) कार्यालयातल्या खिडकीवर कुणी मतदार नोंदणीचा कागद पुढे केला, तर सही न करता परत द्या. नागरिकत्वाला खरा धोका तिथे असतो, पाटीत नसतो.

तुमच्या नवऱ्याला मार्गारेट गिलिओ यांची गोष्टही सांगा. सेंट लुइसजवळच्या लाडू या सधन उपनगरात राहणाऱ्या या बाईंनी डिसेंबर १९९० मध्ये आखाती युद्धाच्या विरोधात घरासमोर २४ बाय ३६ इंचांची पाटी लावली. पहिली पाटी गायब झाली, दुसरी कुणीतरी आडवी पाडली. त्यांनी पोलिसांकडे तक्रार केली, तर लाडूत अशा पाट्यांना मनाईच आहे असं उत्तर मिळालं. पुढे त्यांनी वरच्या मजल्यावरच्या खिडकीत साध्या कागदाएवढी, आखातात शांतता हवी अशी पाटी लावली, आणि शहराने तिलाही मनाई होईल असा नवा नियम केला. १९९४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी त्यात मांडलेला मुद्दा मला फार जवळचा वाटतो: घरावरची पाटी वेगळी असते, कारण ती कोण बोलतंय हेही सांगते, आणि ज्याच्याकडे वर्तमानपत्रात जाहिरात द्यायला पैसे नाहीत त्यालाही ती परवडते.

इतर राज्यांतल्या वाचकांसाठी थोडक्यात. टेक्सासमध्ये एचओए निवडणुकीच्या ९० दिवस आधीपासून निवडणुकीनंतर साधारण दहा दिवसांपर्यंत घरमालकाच्या आवारात प्रचाराची पाटी अडवू शकत नाही. पण प्रत्येक उमेदवाराची एकच, जमिनीत रोवलेली, आणि चार बाय सहा फुटांपेक्षा मोठी नको, असं म्हणू शकते. कॅलिफोर्नियात व्यापारी नसलेली पाटी नऊ चौरस फुटांपर्यंत एरवीही चालते. तिथे मराठी शाळेची पाटी लावणाऱ्यांची बाजू तुमच्यापेक्षा बरी आहे. आणि राज्य कोणतंही असो, समोरच्या घरातली नावडत्या उमेदवाराची पाटी वाकडी झाली तरी तिला हात लावू नका. मुलांनाही सांगून ठेवा.

शेवटी, तुमच्या पत्रात न आलेली एक गोष्ट. गावच्या निवडणुकीत तुम्हाला अजून मत नाही, पण तुमच्या एचओएच्या निवडणुकीत आहे. २०१७ पासून न्यू जर्सीच्या कायद्याने असोसिएशनच्या प्रत्येक घरमालकाला बोर्डासाठी मत देण्याचा आणि स्वतः उभं राहण्याचा हक्क दिला आहे. त्यासाठी घर नावावर असावं लागतं, नागरिकत्व नाही. अट एकच, तुमची देणी चुकती असायला हवीत. म्हणूनच तो दंड साचू देऊ नका. पुढची बैठक कधी आहे ते विचारा, पाट्यांचा नियम विषयपत्रिकेवर घ्यायला सांगा, आणि नवऱ्यालाही सोबत न्या. घर दोघांच्या नावावर असेल तर त्यांनीही तिथे बोलावं. निवडणुकीची नोटीस येईल तेव्हा उमेदवारीचा कागद मागून घ्या.